दूध परत

आमच्या जिल्ह्यात दुधाचा हिशेब चोख. डेअरीवर कॅन उतरला की फॅट आणि एसएनएफ बघतात. कसाला उतरलं नाही तर दूध परत, पण कारण सांगून. माझी तीन महिन्यांची नात दूध घेते, पाच मिनिटं विचार करते आणि कारण न देता परत करते. तेही माझ्या इस्त्रीच्या शर्टावर.

घरात जाणकार फार. विहीणबाईंना बाळंतिणीनं खाल्लेल्या हरभऱ्याच्या डाळीचा संशय. शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. माझ्या आईची सहाण कपाटातून निघाली. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड रांगेत बसलं. तेवढ्यात सून दवाखान्यातून आली. "बाबा, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. गुटी नाही आणि वर्षभर मधाचं बोटही नाही." सहाण मुकाट्यानं कपाटात गेली.

डॉक्टरांनी सांगितलेलं साधं होतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू अजून ढिला असतो. चौथ्या महिन्याच्या सुमारास उलटणं सगळ्यांत जास्त. मूल बसू लागलं की ओसरतं, वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं थांबतं. तोवर थोडं थोडं पाजा, मध्ये ढेकर काढा, नंतर वीसेक मिनिटं उभं धरा. झोपवायचं मात्र उताणंच.

उभं धरण्याचं खातं माझ्याकडे आलं. रात्री दोन वाजता खांद्यावर पंचा, पंच्यावर नात आणि हॉलभर येरझारा. पाठीवर हात फिरवत मी कान लावून असतो. ढेकर आला की "आला!" म्हणून आतून आवाज येतो. मुलाच्या दहावीच्या निकालालाही एवढा जल्लोष झाला नव्हता.

तरी मनात धाकधूक असतेच. तेव्हा मला जामखेड आठवतं. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले आणि खेड्यातल्या, कित्येक अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. लहान मुलांची वजनं करणं हा त्यातलाच भाग. काटा डाळीला दोष देत नाही, दृष्टही मानत नाही; बाळ वाढतंय का, तेवढं दाखवतो.

म्हणून एवढंच सांगतो. उलटी हिरवी असेल, रक्त दिसलं, दूध लांब फेकलं जात असेल, बाळ पीतच नसेल किंवा वजन वाढत नसेल, तर तडक डॉक्टर गाठा. नाहीतर शर्ट बदला.

पंधरा दिवसांत आमची तीनशे ग्रॅम वाढली. माझे तेवढ्यात अकरा शर्ट धुवायला गेले.