दिवाणखान्यातल्या पावणेदोन म्हशी

सोलापुरात मासे पाळणारा माणूस ओळखायला त्याच्या घरी जावं लागत नाही. त्याच्या शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत कायम ओली असते, डावी मात्र कडक इस्त्रीची. खांद्यावर टॉवेल असतो, पण गावच टॉवेलचं असल्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हाताला शेवाळाचा वास येतो म्हणून तो नमस्कार लांबूनच करतो. नवी पेठेत चपला घ्यायला गेला तर चपलांकडे बघत नाही. त्या ज्या रॅकवर मांडल्यात तो रॅक दोन्ही हातांनी धरून हलवतो आणि दुकानदाराला विचारतो, "ही पट्टी किती गेजची हो?"

असे एक अण्णा प्रत्येक पेठेत असतात. आमच्या गल्लीतले अण्णा पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. जकार्डचा एक धागा चुकला तर चादरीवरच्या फुलाची पाकळी जाते, आणि ती कोणत्या धाग्यानं गेली हे पलीकडच्या मागावर उभं राहून सांगणारा हा माणूस. निवृत्तीनंतर असा माणूस काय करणार? देवळात बसून त्याचं भागत नाही. देवळातलं काही बिघडत नाही ना.

या लोकांची सुरुवात बहुधा नातवाच्या वाढदिवसाला होते. काचेचा गोल बोल, त्यात दोन गोल्डफिश. आठ दिवसांत दोन्ही वर पालथे. शहाणा माणूस त्या बोलमध्ये चिल्लर ठेवायला लागतो, अण्णांच्या जातीचा माणूस मोठी टाकी आणतो. त्या टाकीत गप्पीची एक मादी एका रात्री पिल्लं घालते. सकाळी मोजली तर पंचवीस, जेवायच्या वेळेला अकरा. बाकीची आईनंच गिळलेली असतात. इथं माणूस हातचा जातो. पिल्लांना वाचवायला दुसरी टाकी लागते. पिल्लं महिन्याची झाली की नर-माद्या वेगळ्या कराव्या लागतात, म्हणून तिसरी आणि चौथी. आजाऱ्याला पाचवी. रॅक करायचाय असं कुणीच ठरवत नाही. प्रत्येकाला फक्त आणखी एक टाकी हवी असते.

अण्णांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून दीड इंची अँगलचा चार मजली रॅक करून घेतला. मजल्याला तीन, अशा बारा टाक्या. प्रत्येक टाकी दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. काच कापून आणली आणि टाक्या घरीच चिकटवल्या. सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, दोन दिवस लोणच्याच्या बरण्या उघडून हुंगल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की नासलंय ते दुसरंच.

सिलिकॉन वाळल्यावर टाकी भरून गळते का ते बघायचं असतं. दुसऱ्या गावात हे काम कधीही करता येतं. सोलापुरात त्यासाठी नळाची वाट बघावी लागते. उजनी धरण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. ज्या दिवशी पाणी सुटतं त्या दिवशी गल्लीत लग्नघराची धांदल असते. पिंप, घागरी, पातेली, कुकर, एका घरी तर बाळाचा टब. त्या धांदलीत अण्णा बारा टाक्या भरायला निघाले. काकू पाइप हातात धरून दारात उभ्या राहिल्या.

"आधी पिण्याचं, मग वापरायचं, मग राहिलं तर तुमच्या माशांचं."

"अजून मासे नाहीतच की. नुसतं गळतंय का बघायचंय."

"मग नुसतं बघा."

शेवटी तह झाला. ज्या टाकीची चाचणी होईल तिचं पाणी दुसऱ्या दिवशी धुण्याला. त्यामुळे त्या आठवड्यात त्यांच्या घरचे कपडे टाकीनुसार धुतले गेले. सातवी टाकी खालच्या कोपऱ्यात गळली तेव्हा अण्णांपेक्षा काकूच जास्त हळहळल्या, कारण चादरी तिच्यावर राखून ठेवल्या होत्या.

पण या पाणीटंचाईचा एक फायदा आहे आणि तो अण्णा छाती फुगवून सांगतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो. म्हणून पुण्या-मुंबईचे शौकीन पाणी एक दिवस उघडं ठेवतात किंवा त्यात हायपोचे खडे टाकतात. "आपल्याला कशाला लागतंय ते?" अण्णा म्हणतात. "सोलापुरात ताजं पाणी बघितलंय का कुणी? आपल्या पिंपातलं सगळंच चार दिवसांचं." बोअरचं पाणी जड असतं, त्यानं गिझर मरतात, तांब्यांना पांढरा थर चढतो. गप्पीला मात्र तेच मानवतं. म्हणून अण्णा डिस्कसच्या वाटेला गेले नाहीत. त्या माशाला मऊ पाणी लागतं. "राजघराण्यातला आहे तो," अण्णा म्हणतात, "आपल्यात नांदायचा नाही."

आता वजन. लिटरला किलो या हिशेबानं प्रत्येक टाकीत पन्नासेक किलो पाणी, बारा टाक्यांत सहाशे. काच शंभर किलोच्या वर, शिवाय लोखंड आणि तळातली वाळू. एकंदर सातशेच्या पुढे. आपल्या जिल्ह्याची पंढरपुरी म्हैस चारशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे अण्णांच्या पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात, सोफ्यासमोर, पावणेदोन म्हशी उभ्या राहणार होत्या, आणि त्याही चार पायांवर. इंजिनिअर पुतण्या आला, त्यानं टेप लावला आणि म्हणाला, "अण्णा, राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलो धरून करतात. तुमचा रॅक तेवढ्याच जागेत त्याच्या कितीतरी पट होतोय."

"याच खोलीत हुरड्याला तीस माणसं बसली होती बे."

"माणसं खाऊन घरी जातात, अण्णा."

याला उत्तर नव्हतं. रॅक तळमजल्यावर, काकूंच्या शिलाई मशीनच्या जागी आला. मशीन वर गेली. काकूंचे गुडघे दुखतात, त्यामुळे शिवणही संपलं. या खर्चाची नोंद अण्णांच्या हिशेबाच्या वहीत नाही.

रॅक उभा करणं हा अण्णांच्या आयुष्यातला कळसाध्याय म्हणायला हरकत नाही. लेव्हल बॉटल फरशीवर आडवी, उभी, तिरपी. एका पायाखाली पत्र्याचा तुकडा. प्रत्येक टाकीखाली थर्माकोल, कारण काचेच्या बुडाखाली वाळूचा एक खडा आला तरी तडा तिथूनच जातो. बारा टाक्यांना बारा पंप लावले तर घरात गिरणी चालू झाल्यासारखं होईल, म्हणून एकच मोठा एअर पंप, त्यातून पीव्हीसी पाइपचं कडं, कड्याला पितळी वॉल्व, आणि प्रत्येक वॉल्वमधून एकेका स्पंज फिल्टरला हवा. पाइपचं कडं पूर्ण जोडलं की सगळीकडे दाब सारखा राहतो. जॉबरकी इथं कामाला आली. पंप मात्र सगळ्यात वर ठेवायचा. तो खाली असला आणि वीज गेली तर टाकीतलं पाणी नळीतून उलटं फिरून पंपात येतं, मग वीज आल्यावर पंप येत नाही. हे ज्ञान अण्णांना कुठून मिळालं ते आम्ही विचारलं नाही. त्यांच्या माळ्यावर तीन मेलेले पंप आहेत.

एवढं करून टाक्या रिकाम्याच. नव्या पाण्यात माशांनी सोडलेला अमोनिया साठतो. त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर वस्तीला यावे लागतात, आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. हा काळ नेमका जानेवारीत आला. सिद्धेश्वराच्या यात्रेला, गड्ड्याला, पाहुणे आलेले. तळमजल्यावर बारा दिवे, बारा टाक्या, बारा बुडबुडे आणि एकही मासा नाही.

"काय पाळलंय?" एका पाहुण्यानं विचारलं.

"बॅक्टेरिया," अण्णा अभिमानानं म्हणाले.

काकू चहा घेऊन येत होत्या. "चाळीस वर्षं घरात घाण राहू दिली नाही मी," त्या म्हणाल्या, "आणि आता ही विकत घेऊन वाढवायलेत."

मासे पुढे आले. मुंबई–चेन्नई रेल्वेमार्गाच्या एका टोकाला कुर्ल्याचा मासेबाजार आणि दुसऱ्या टोकाला चेन्नईचं कोळत्तूर, जिथं घरोघर रंगीत माशांची पैदास चालते. सोलापूर मधल्या वाटेवर. त्यामुळे दोन्हीकडच्या पिशव्या अण्णांना बऱ्या पडतात. अण्णा भाव मराठीत विचारतात, घासाघीस तेलुगूत करतात आणि पिशवी गळकी निघाली तर शिव्या कन्नडमध्ये देतात. शहराच्या पूर्व भागात आयुष्य काढलेल्या माणसाला एका भाषेत राग पुरत नाही.

आणि मग सोयरीक. अण्णांच्या मुलानं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा अण्णांनी स्वतः पुढे होऊन अक्षता टाकल्या. पण अल्बिनो फुल रेड गप्पींच्या टाकीत शेजारचा ब्लू मोझॅक नर उडी मारून गेला, तेव्हा त्यांना जेवण गेलं नाही. "लाइन बाटली," ते म्हणाले. गप्पीची मादी नराचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवते. त्यामुळे एका रात्रीचा पाहुणा पुढच्या चार-पाच बाळंतपणांत डोकं वर काढतो. आता अण्णांच्या प्रत्येक टाकीवर जाळीचं झाकण आहे आणि प्रत्येक झाकणावर दगड.

वहीत धंद्याचा हिशेब आहे. एक मादी, महिन्याला तीस पिल्लं, त्यातल्या पंधरा माद्या, त्यांना प्रत्येकी तीस. तिसऱ्या पानावर आकडा लाखावर जातो आणि चौथं पान कोरं आहे. कारण गिऱ्हाईक आलं की अण्णा त्याची मुलाखत घेतात. टाकी केवढी? किती दिवस चालू आहे? बोल आहे का? बोल म्हणालं की गिऱ्हाईक परत. शाळेतली पोरं "काका, एक जोडी द्या की" म्हणत येतात, त्यांना मात्र फुकट, वर पिशवी कशी धरायची याचं व्याख्यान. मला विचाराल तर हा माणूस विकण्यासाठी मासे वाढवतच नाही. कुणीतरी पुन्हा येऊन "काका, नर सुस्त पडलाय, काय करू?" असं विचारावं म्हणून वाढवतो. कारखान्यात दिवसाला वीस वेळा येणारी ती हाक निवृत्तीनंतर बंद झाली होती.

एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला की रॅकचा वरचा मजला खालच्यापेक्षा चांगलाच तापतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि मासे पृष्ठभागाला तोंड लावून हापसायला लागतात. तेव्हा फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठतात, टाक्यांत तरंगतात आणि परत फ्रीजमध्ये जातात. घरात कुल्फी होत नाही. टेबलफॅन माशांकडे तोंड करून. अण्णा गच्चीवर. वीज गेली तर अण्णा रात्री दोनला खाली येऊन बॅटरीचा पंप लावतात आणि त्या घरघरीजवळच खुर्चीवर झोपतात. मागांच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढली, त्यांना शांततेत झोप येत नाही.

पिल्लांना जिवंत खाणं लागतं. अण्णा कोल्ड्रिंकची बाटली उलटी टांगून खारट पाण्यात आर्टेमियाची अंडी उबवतात, दिवसभरात त्यातून नारिंगी धूळ वळवळायला लागते. मोठ्यांना चैन म्हणून डासांच्या अळ्या. त्यासाठी मागच्या दारी एक बादली. चार-पाच दिवस पाणी साठवणाऱ्या गावात महापालिकेचे लोक घरोघर पिंपं तपासत, अबेट हे अळीनाशक टाकत फिरतात. त्यातल्या एकानं ही बादली पाहिली.

"आजोबा, यात अळ्या आहेत!"

"आहेत की. मोजून घातल्यात."

त्याला अण्णा आत घेऊन गेले. बारा टाक्या पाहून तो गप्पच झाला. गप्पी मासे वाटणं हे त्याच्याच खात्याचं काम होतं आणि पुरवठा कमी पडत होता. अण्णांच्या खालच्या मजल्यावर एक टाकी नापासांची होती. शेपटीला हवा तो घेर नाही, रंग फिका, पाठ किंचित वाकडी, अशांची. लांब शेपटीच्या देखण्या नराला अळीमागे धावता येत नाही. ही साधी मंडळी मात्र अळी दिसली की सोडत नाहीत. त्यानं दोन पिशव्या भरून नेल्या आणि मासे एका जुन्या हौदात सोडले.

"पोरं नापास झाली," अण्णा गल्लीभर सांगत होते, "आणि सरकारी नोकरीला लागली."

पावसाळा संपल्यावर अण्णा आपल्या पोरांना भेटायला त्या हौदावर गेले. दोन तास उकिडवे बसले. परत आले तेव्हा हातात बाटली, बाटलीत एक नर. त्याच्या शेपटीवर असा निळा होता, जो त्यांच्या बारा टाक्यांत एकदाही निघाला नव्हता. आईबाप कोण ते कळायला मार्ग नव्हता. जातकुळीचा पत्ता नाही, आणि अण्णांना त्याची पर्वाही राहिली नव्हती.

"याला वेगळा ठेवावा लागेल," ते म्हणाले.

"कुठं?" काकूंनी विचारलं. "सगळ्या भरल्यात."

अण्णांनी उत्तर दिलं नाही. ते फ्रीजची रुंदी वितीनं मोजत होते.