मामा आणि मधली रेघ

आमच्या मामांनी हातभर बांधासाठी चुलतभावाशी ११ वर्षं कोर्टकचेरी केली. रेघेची किंमत त्यांना कुणी शिकवायला नको. तरी गाडीत बसले, की रस्त्यावरची पांढरी रेघ बॉनेटच्या बरोब्बर मधोमध यावी, अशा बेतानं ते स्टिअरिंग धरतात.

"मामा, लेनमध्ये चालवा ना."

"लेनमध्येच आहे की. एक सोडून दोन लेनमध्ये आहे!"

यामागचं शास्त्र एसटीचं. खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारी ही पिढी. डावीकडं मोकळं झालं तरी आपलं, उजवीकडं झालं तरी आपलं. तोवर दोन्हींवर रुमाल.

बरं, अडाणी म्हणावं, तर सगळं तोंडपाठ. माझ्या लर्निंग लायसन्सची तयारी त्यांनीच करून घेतली. तुटक पांढरी असेल तर मागचंपुढचं बघून ओलांडायची, सलग असेल तर नाही. दोन सलग पिवळ्या दिसल्या तर दोन्हीकडच्यांनी हात जोडायचे. एक सलग नि एक तुटक असेल, तर तुटक ज्याच्या अंगाला, मुभा त्याला. सिग्नलला थांबायची रेघ झेब्राच्या अलीकडं असते, हेही त्यांनीच सांगितलं. सांगताना गाडी झेब्रावर उभी होती. "अलीकडं थांबलो, तर पुढच्या जागेत दुसरा घुसतो." याला मात्र माझ्याकडं अजून उत्तर नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तेव्हापासून मामांचा तिथं राबता. जायला तीन लेन, यायला तीन, उजवीकडची ओव्हरटेकसाठी. मामा तीत निम्मे शिरून ७० च्या वेगानं विसावतात. मागून हॉर्न वाजले, की म्हणतात, "मर्यादा १०० ची ना? मी ३० नं खालीच आहे. माझ्याइतका नियमातला माणूस दाखव!" वैतागून लोक डावीकडून पुढं काढतात. मग मामा हळहळतात, "शिस्त म्हणून नाही लोकांना."

गेल्या पावसाळ्यात परतताना घाटात रात्री धुकं उतरलं. बॉनेटपुढचं दिसेना. लोणावळ्यापर्यंत नाट्यपद घोळवणारे मामा एकदम गप्प झाले. मग बारीक आवाजात म्हणाले, "रेघ कुठं गेली रे?"

मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. या पट्ट्यांच्या रंगात काचेचे बारीक मणी असतात. दिव्याचा उजेड ते चालकाकडं परत पाठवतात. पण वरून पाणी वाहायला लागलं, की त्यांचं काही चालत नाही. आम्ही बैलगाडीच्या चालीनं सरकत राहिलो. मामा काचेला नाक लावून बसलेले. उतारावर पाणी जरा ओसरलं आणि उजेडात एक तुकडा चमकला. त्याच्यापुढं आणखी एक.

"सापडली!" मामांनी सुस्कारा सोडला, आणि गाडी अलगद सरकवून तिला पोटाखाली घेतलं.