मानाचा टार्ट, कालचा बन

हाँगकाँगच्या गल्लीबोळांतल्या बेकरीत ट्रे आणि चिमटा हातात आला की माणसाचा स्वभाव उघडा पडतो. कुणी घाईघाईने समोरचाच बन उचलतो, कुणी मुलगी बघायला आल्यासारखा एकेक न्याहाळतो. बहुतेकजण आधी चिमटा दोनदा हवेत वाजवून बघतात. कशासाठी, कोण जाणे! मीही वाजवतो.

इथला मानकरी म्हणजे एग टार्ट. त्याची दोन घराणी आहेत. एकाची पारी खुसखुशीत, बिस्किटी. दुसऱ्याची पापुद्र्यांची, शर्टावर सांडून पुरावा ठेवणारी. आतलं कस्टर्ड मात्र दोन्हीकडे पिवळंधमक, चकचकीत, डाग नसलेलं. डाग आवडणाऱ्यांनी शेजारच्या मकावला जावं. तिथे 1989 मध्ये अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रज माणसाने कोलोआन गावात पोर्तुगीज वळणाचे, वरून करपवलेले टार्ट विकायला सुरुवात केली आणि त्या करपण्यालाच प्रतिष्ठा मिळवून दिली.

हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर क्रिस पॅटन लिंडहर्स्ट टेरेसवरच्या ताय चाँग बेकरीच्या टार्टवर फिदा होते. लोकांनी त्यांना ‘जाडे पांग’ असं नाव ठेवलं होतं. त्यात टार्टचा वाटा किती, ते त्यांच्या शिंप्याला ठाऊक. 1997 मध्ये साहेब गेले, टार्ट राहिला.

माझा जीव मात्र कोपऱ्यातल्या लांबट कॉकटेल बनवर आहे. शेजारचा पायनॅपल बन नुसत्या तडकलेल्या सालीच्या जोरावर अननसाचं नाव लावून मिरवतो. याला तसली हौस नाही. याचा जन्मच काटकसरीतला. 1950 च्या सुमारास, म्हणे, न खपलेले बन टाकवेनात, म्हणून बेकरीवाल्यांनी ते कुस्करले, त्यात साखर आणि खोबरं घातलं आणि ते सारण नव्या कणकेत भरून पुन्हा भट्टीत सरकवलं. गिऱ्हाईक खूश, मालकही खूश.

पण शिळ्याचे लाड सुरू झाले की ते पुरत नाही. आपल्याकडे शिळ्या पोळीच्या गूळ-तुपाच्या लाडवाची चटक लागलेली पोरं आईला ताज्या पोळ्या कुस्करायला लावतात, तशीच गत इथे झाली. हल्ली या बनचं खोबरं-लोणी-साखरेचं सारण मुद्दाम ताजं करतात. उरलेलं संपवायला निघालेला पदार्थ आता स्वतःच उरत नाही.

मी दोन्ही घेतो. टार्ट दुकानाच्या पायरीवरच, तोंड भाजत संपवतो. गार झाला की त्याचा रुबाबही उतरतो. बन घरी नेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खातो. हल्लीच्या ताज्या सारणाने त्याचं कूळ बुडायला नको, म्हणून तेवढा शिळेपणा मी आपला घरच्या घरी घालतो.