फक्त आपल्याच मशीनवर चालणारा सर्व्हर कसा लिहावा

नेटवर्कचा प्रोग्राम सगळीकडे चालावा असा हट्ट धरणारे लोक प्रत्येक ऑफिसात असतात. त्यांच्या नादी लागू नये. डेमोत टाळ्या घेणारा आणि ग्राहकाकडे पोचताच मान टाकणारा सर्व्हर खालील पायऱ्यांनी कुणालाही लिहिता येतो.

साहित्य : सी कंपायलर, एक लॅपटॉप आणि १२७.०.०.१ हा पत्ता. दुसरा लॅपटॉप जवळ आणू नये.

पायरी १. सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट हा क्रम पाठ करावा. १९८३च्या बर्कली युनिक्सपासून तो चालत आला आहे, तेव्हा आपण वेगळा विचार करण्याचे कारण नाही. कॉलने काय परत दिले ते तपासू नये. उणे एक हा आकडा इतरांसाठी असतो. बाइंड १२७.०.०.१ वरच करावे. शेजारच्या टेबलावरच्याला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ मिळाले, तर त्याला फायरवॉल तपासायला बसवावे. दुपार निवांत जाते.

पायरी २. पोर्टचा आकडा आहे तसा ठेवून द्यावा. नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो, इंटेलचा प्रोसेसर धाकटा आधी ठेवतो. हा वाद मिटवायला एचटीओएनएस हे फंक्शन आहे, पण घरच्या भांडणात परक्याला कशाला आणायचे? ८०८० लिहावे, सर्व्हर ३६८९५ वर जाऊन बसेल. क्लायंटमध्येही हेच केले की दोघांची बिनबोभाट गाठ पडते. दोन्हीकडून सारखी झालेली चूक म्हणजेच प्रोटोकॉल.

पायरी ३. ही मुख्य पायरी. एका सेंडला एक रिसीव्ह, असे समीकरण मनात पक्के करावे. टीसीपी बाइट क्रमाने देतो, पण एक निरोप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते सांगत नाही. तो नळ आहे. बादल्या आपण मोजायच्या. लिनक्सच्या लूपबॅकवर एका पॅकेटला ६५५३६ बाइटपर्यंत मुभा असते, त्यामुळे आपला ४००० बाइटचा निरोप एका घासात येतो आणि आत्मविश्वास वाढतो. खऱ्या इथरनेटवर एका सेगमेंटमध्ये साधारण १४६० बाइट मावतात. तिथे तोच निरोप कधी १४६०, १४६० आणि १०८० असा तुकड्यांत येईल, तर कधी दोन छोटे निरोप गळ्यात गळा घालून येतील. सुरुवातीला चार बाइटांत लांबी लिहून, तेवढे बाइट हाती येईपर्यंत लूपमध्ये वाचत राहणारे लोक भित्रे समजावेत.

पायरी ४. सेंड यशस्वी झाला म्हणजे माल पोचला, असे ग्राहकाला लेखी द्यावे. वस्तुतः बाइट आपल्याच कर्नलच्या बफरपर्यंत गेलेले असतात. टाइमआउट लावू नये. आपण नुसते वाचत बसलो असताना समोरच्याची केबल निघाली, तरी कनेक्शन कागदोपत्री जिवंतच राहते. कीपअलाइव्ह मुळात बंद असते, आणि चालू केले तरी लिनक्सवर पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी होते. तोवर चहा घ्यावा.

पायरी ५. रिसीव्हने शून्य दिले म्हणजे समोरच्याने आपली बाजू बंद केली. तरी त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहावे. पंखा घरघरू लागला की सर्व्हर कामात आहे असे सांगता येते.

पायरी ६. सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ येईल. जुने कनेक्शन टाइम-वेटमध्ये, लिनक्सवर ६० सेकंद, रेंगाळत असते. एसओ-रीयूजॲडर या एका ओळीत प्रश्न सुटतो, म्हणून ती लिहू नये. ८०८१ घ्यावा, मग ८०८२. आकडे ६५५३५ पर्यंत आहेत. नोकरी बदलेपर्यंत पुरतात.

विशेष सूचना : एवढे करूनही तक्रार आली, तर नेटवर्कवाल्यांकडे बोट दाखवावे. मात्र कुणी वायरशार्क लावून बघू म्हणाला, तर त्याला तातडीने मीटिंगला पाठवावे. त्यात कुठला बाइट कधी आला आणि कनेक्शन आधी कुणी तोडले, हे वेळेसकट दिसते.