तू थांब, आम्ही बघून येतो

वजराईला जायचं ठरल्यापासून पंधरा दिवस माझ्या तोंडी एकच आकडा होता : १८४० फूट. ५६० मीटर असंही सांगता येतं, पण फुटांत सांगितलं की धबधबाही उंच वाटतो आणि सांगणाराही. तीन टप्प्यांत कोसळतो, उरमोडीचा उगम तिथलाच, हे मी दूधवाल्यालासुद्धा ऐकवलं होतं. तो बिचारा पातेलं हातात धरून ऐकत राहिला.

शिवाय नवे बूट घेतले होते. घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न शिरू देणारे. कास मागे टाकून भांबवलीला उतरलो तेव्हा वाटाड्या पोराने माझ्या बुटांकडे बघितलं. मला वाटलं, कौतुकाने. त्याच्या पायात प्लास्टिकच्या चपला होत्या.

झाडीत शिरलो आणि जळवा सुरू झाल्या. जळवांबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. सुश्रुतांनी त्यांचे बारा प्रकार सांगितलेत, सहा विषारी, सहा बिनविषारी. त्या काळी वैद्य त्या मुद्दाम रोग्याला लावत. मला त्या फुकटात लागत होत्या. जळू कडकडून चावत नाही. ओल्या पानावर उभी राहून डोलत वाट बघते, आणि चिकटते ती दूरच्या मावशीच्या मायेने. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. त्यामुळे ती पोटभर जेवून टपकन गळून पडली, तरी आपला नळ चालूच. पोराच्या उघड्या पायावर चढलेली जळू त्याला लगेच दिसायची. चिमूटभर तंबाखू लावली की खेळ खलास. माझी मात्र बुटाच्या आत, कोरड्यात, साडेचार हजारांच्या गादीवर निवांत जेवत होती. पाणी आत येत नाही हे खरं निघालं. रक्तही बाहेर जात नव्हतं.

शेवटच्या उतारावर दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा पोराने दंड धरून उभं केलं, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, तू थांब इथे. आम्ही बघून येतो."

मी भडकलोच. कुणामुळे आलात इथे? आकडे कुणी सांगितले? पण गुडघ्याने आधीच दगड निवडला होता.

बसल्यावर आठवलं, हे वाक्य माझंच. ठोसेघरच्या धबधब्याला माझ्या वडिलांना, आप्पांना मी असंच चहाच्या टपरीवर बसवलं होतं, छत्री आणि भजी हातात देऊन. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "कसा आहे रे?" मी केस पुसत म्हणालो, "पाणीच की. दुसरं काय असणार?" त्यांनी मान हलवली. माझ्यासाठी राखून ठेवलेली भजी पुढे केली. गार झाली होती. नंतर पुन्हा त्यांना घेऊन जायचं राहूनच गेलं.

अर्ध्या तासाने मंडळी परतली. दात ओठ खाऊन मी विचारलं, "कसा आहे?"

"काही दिसलंच नाही रे. नुसतं धुकं."

खोटं कशाला बोलू, आधी बरं वाटलं. १८४० फुटांतला एकही फूट कुणाला मिळाला नव्हता.

मग लेकीने ओल्या फोनवर काहीतरी लावलं. पडदा पांढराफटक. "बघू नकोस," म्हणाली, आणि फोन माझ्या कानाला लावला. खूप खोल कुठेतरी काहीतरी अखंड कोसळत होतं.

"परत लाव," मी म्हणालो.

वाटाड्या पोरगा तोवर खाली बसून माझ्या बुटाची नाडी सोडत होता.