निघायच्या आधीचं मालवण

मालवणला जायचं आमच्या घरात कित्येक वर्षं ठरत होतं. एका मे महिन्यात घराचं रंगकाम निघालं, एका मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न निघालं, मग थोरलीच्या दहावीचे क्लास निघाले. आम्ही तेवढे निघालो नाही. यंदा मात्र तिकीट निघालं. तिकीट निघालं की माणूस अर्धा मालवणात पोचतो आणि उरलेला अर्धा दादरमध्ये घरची कामं करत हिंडतो. त्या उरलेल्या अर्ध्याचं हे प्रवासवर्णन.

पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी सुरू व्हायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. लोकांना ही सोय वाटली. आमच्या बाबांच्या मते मात्र चार महिने पुरवून खायचा आनंद दोन महिन्यांत उरकावा लागतो. हे ६० दिवस मोजताना जायचा दिवस धरत नाहीत, यावर घरात भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’समोर एक परिसंवाद झाला. अखेर १२ मेच्या गाडीसाठी १३ मार्चला सकाळी आठच्या ठोक्याला हिने बोट दाबलं आणि कुडाळपर्यंतच्या सगळ्या जागा पक्क्या झाल्या. त्या दिवशी मी आपण होऊन दळण घेऊन गिरणीत गेलो. एरवी गिरणीचं नाव काढलं की मला ऑफिसचं तातडीचं काम आठवतं.

गिरणीत शोध लागला की कोणतंही काम गोड करायचं तर त्याच्या शेवटी मालवण आणायचं. ‘‘गहू जरा जाडसर दळा,’’ एवढं बोलून गप्प बसण्यात काय मजा? ‘‘जाडसर दळा, पण फार नको, मे महिन्यात आम्ही नाही, मालवणला चाललोय,’’ असं म्हटलं की पिठाने पांढरा झालेला माणूसही मान वर करून बघतो. दूधवाल्याला मी मार्चअखेरच सांगितलं, ‘‘१२ मेपासून दूध बंद.’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, १० तारखेला सांगा.’’ एप्रिलच्या मध्यावर मी पुन्हा आठवण केली. त्याने पुन्हा तेच सांगितलं. माणूस चांगला, पण त्याला श्रोता म्हणून अंगच नाही. पासबुक भरायला बँकेत गेलो, तर यंत्रासमोर रांग. एरवी मी चरफडलो असतो. या खेपेला पुढच्या आजोबांना सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं इथपासून सांगायला घेतलं. त्यांचा नंबर आला तेव्हा ते फारच घाईने पुढे सरकले.

या प्रवासातलं मुख्य स्थळ म्हणजे रानडे रोडच्या बाजूचा बॅग दुरुस्तीवाला. मोठ्या बॅगेची चेन बंद केली की मागून आपोआप उघडत होती. हिच्या मते नवी बॅग घ्यायची वेळ आली होती. दुरुस्तीवाल्याने बॅग मांडीवर घेतली, चेन दोनदा पुढेमागे ओढली आणि निदान केलं, ‘‘चेन चांगली आहे, रनर गेलाय.’’ मग चेनच्या टोकाची शिवण उसवली, जुना रनर पकडीने काढला, डब्यातल्या ढिगातून नेमका त्याच मापाचा दुसरा शोधून दोन्ही बाजूंच्या दातांत सरकवला, टोक पुन्हा शिवलं आणि चेन अशी ओढली की तिचा आवाज फलाटावरून गाडी सुटल्यासारखा आला. पैसे देताना मी वाट बघत होतो. शेवटी त्याने विचारलंच, ‘‘कुठे जाताय?’’

‘‘मालवण.’’

‘‘मालवणाक? खय रवतल्यात?’’

दादरमध्ये हा धोका असतोच. आपण ज्या गावाला हौसेने निघालो ते गाव समोरच्याचं निघतं. चार महिने गावाला गेलो नाही म्हणून तो हळहळला, तारकर्लीपेक्षा आमच्या आवाटात या म्हणाला, कोणत्या खाणावळीत जाऊ नये ते सांगितलं आणि शेवटी म्हणाला, ‘‘येताना थोडा खाजा आणा.’’ ही पहिली ऑर्डर. नंतर किराणावाल्याने आगळ सांगितलं, शेजारच्या काकूंनी तुळशीला पाणी घालायच्या बोलीवर कुळथाचं पीठ आणि इस्त्रीवाल्याने, त्याचं गाव जौनपूर असूनही, काजू. आता जाताना बॅगेत कपडे घालायचे की येतानाची जागा राखून ठेवायची, हा प्रश्न आहे.

बाबांची तयारी वेगळ्याच पातळीवर चालू आहे. उभा जन्म त्यांनी फुलपँट आणि लेंगा या दोनच वस्त्रांत काढला. पण समुद्रात डोकं बुडवून मासे बघायचे असं ठरल्यावर त्यांनी स्टेशनजवळच्या फूटपाथवरून एक बर्म्युडा घासाघीस करून आणली. तिच्यावर नारळाची झाडं आहेत. सवय व्हावी म्हणून रोज संध्याकाळी ती घालून ते गॅलरीत बसतात. समोरच्या इमारतीतून चौकशी होते. बाबांना तेच हवं असतं.

धाकटीने रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा बघायचा म्हणून खिडकी मागितली आहे. बोगद्यात खिडकीतून काय दिसणार, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. थोरली गाडीत झोपणार आहे, त्यामुळे दोघींना सारखंच दिसेल.

आमची गाडी तुतारी एक्सप्रेस. पूर्वीची राज्यराणी, २०१७ मध्ये तिला केशवसुतांच्या कवितेचं नाव मिळालं. गाडी दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, आणि या पाच मिनिटांनी आमच्या घराची झोप उडवली आहे. तिकिटावर तारीख १२, पण फलाटावर उभं राहायचं ११ च्या रात्री. डोंबिवलीचा मेहुणा सहकुटुंब बरोबर आहे. त्याचा रोज फोन येतो, ‘‘भावजी, म्हणजे १२ च्या रात्री ना?’’ मी म्हणतो, ‘‘११ च्या.’’ तो म्हणतो, ‘‘पण तिकिटावर तर १२ आहे.’’ मी म्हणतो, ‘‘१२ तारीख रात्री बाराला लागते.’’ तो म्हणतो, ‘‘मग १२ च्या रात्रीच की!’’ शेवटी हिने फोन घेतला आणि सांगितलं, ‘‘सोमवारी रात्री जेवून इकडे ये.’’ प्रश्न मिटला. हे वाक्य मला सुचायला हवं होतं असं ती अजून म्हणते.

फलाटाचाही घोळ आहे. ९ डिसेंबर २०२३ पासून दादरला पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. बाबांच्या डोक्यात मात्र जुनेच आकडे पक्के. म्हणून एका रात्री ते दहा रुपयांचं फलाट तिकीट काढून तुतारी नेमकी कुठे लागते ते बघून आले. रंगीत तालीम म्हणे. परत आले ते साडेबारा उलटल्यावर, फार खुशीत. डब्यांचा क्रम लिहून आणला होता, पाण्याची बाटली कुठे मिळते ते बघितलं होतं, आणि गाडी सुटली तेव्हा कोणाकोणाला हातही केला होता. मी विचारलं, ‘‘ओळखीचं कोण होतं?’’ म्हणाले, ‘‘कोणी नव्हतं. पण सगळे आपल्याच गाडीचे ना!’’

आता मालवण कसं असेल कोण जाणे. ऊन असेल, घाम असेल, मेहुणा तर असेलच. परतल्यावर हेच दळण आणि हेच पासबुक पुन्हा डोक्याला ताप वाटेल यात शंका नाही. म्हणून वाचकहो, सल्ला एवढाच: घरच्या कामांचा कंटाळा आला असेल, तर आधी कुठलं तरी तिकीट काढा. दोन महिने सगळी कामं हौसेने होतील. फक्त गाडी रात्री बारानंतरची असेल तर तारीख दोनदा वाचा, आणि मेहुण्याला वार सांगा.