पर्यायराव

स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही अभ्यासिकेत पर्यायराव असतोच. तो दिसतो कसा हे सांगत बसायची गरज नाही. फक्त त्याच्यासमोर 'पाणी' हा शब्द काढू नये. काढलाच, तर तो वहीतून मान वर करतो आणि सुरू होतो : "पाण्याला ज लावला की कमळ, द लावला की ढग, धी लावला की समुद्र. नीरज, नीरद, नीरधी. वारिज, वारिद, वारिधी. अंबुज, अंबुद, अंबुधी. दोन मार्क खिशात." मेसमधल्या आमटीची वाटी कलती करून 'आज तोय जरा जास्तच पडलंय' म्हणणारा तोच. पेठेत एखाद्या गुरुवारी पाणी बंद असतं, तेव्हा कोरड्या नळाखाली बादली धरून ज, द, धी करत उभा राहणाराही तोच. अनिल नावाच्या कुणाशी ओळख करून दिली, तर हात मिळवण्याआधी 'अनिल म्हणजे वारा बरं का, आग ती अनल. गल्लत होते लोकांची' अशी समज तो खुद्द त्या अनिललाच देतो. नवी मुलं त्याला सिनियर म्हणतात. हा हुद्दा जाहिराती निघत नाहीत तोवर वाढतच जातो.

पर्यायरावाची शब्दसंपत्ती अफाट आहे, असा एक समज अभ्यासिकेत रूढ आहे. तो चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. पर्यायरावाला शब्द कळत नाहीत, पेपर काढणारा माणूस कळतो. आणि समानार्थी शब्दांचा प्रश्न त्याच ज्ञानाला गुण देतो. पुरावा म्हणून त्याची उत्तर शोधायची पद्धत पाहावी. प्रश्न असा : 'कमळ' या अर्थाचा नसलेला शब्द ओळखा – पद्म, राजीव, कुमुद, अरविंद. आता कुमुद हे चंद्र उगवल्यावर उमलणारं पांढरं फूल. अमरकोशात ते पद्मापासून वेगळं सांगितलंय, आणि म्हणूनच चंद्राला कुमुदनाथ म्हणतात. पण बाजारातल्या बऱ्याच मार्गदर्शकांत कुमुद बिनदिक्कत कमळाच्या रांगेत बसलेलं असतं. पर्यायराव अशा वेळी फुलाचा विचार करत नाही. तो म्हणतो, 'पेपर काढणाऱ्याने गाईड बघितलं असतं तर या प्रश्नाला उत्तरच उरलं नसतं. अर्थात त्याने कोश उघडलाय. कुमुद.' गोल भरला, दोन गुण आले. पुढच्या परीक्षेत तोच प्रश्न उलटा येतो : 'कमळ'चा समानार्थी शब्द सांगा – कुमुद, तोयद, पयोधी, अनल. द म्हणजे ढग, धी म्हणजे समुद्र, अनल म्हणजे आग, उरलं कुमुद. पुन्हा गोल, पुन्हा दोन गुण. सोमवारी जे फूल कमळ नव्हतं ते गुरुवारी कमळ झालं, आणि पर्यायरावाच्या कपाळावर आठीही उमटली नाही. याला भाषेचं ज्ञान म्हणायचं असेल तर तिकीट तपासनीस आलाय की नाही हे ओळखण्याला प्रवासवर्णन म्हणावं लागेल.

मुळात चार पर्यायांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बेलाशक बसतो, हे गृहीतच पोकळ आहे. शेतकरी हा शब्द घ्या. विदर्भात तो कास्तकार. निवडणुकीच्या सभेत तोच बळीराजा होतो, सातबाऱ्यावर खातेदार, योजनेच्या फलकावर लाभार्थी, बँकेच्या नोटिशीत थकबाकीदार आणि गारपिटीनंतरच्या पंचनाम्यात बाधित. माणूस तोच, धोतरही बहुधा तेच. बोलणारा कोण आणि त्याला काय हवंय, एवढाच फरक. बँक मॅनेजरने थकबाकीदाराला 'बळीराजा' म्हणून हाक मारून पाहावी, म्हणजे समानार्थी शब्द किती समान असतात ते कळेल. सरकारला मात्र हे चांगलं कळतं. अलीकडे त्याने तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' असा लांबलचक समानार्थी शब्द दिला. गावात उतारा काढायला लोक अजून तलाठ्याकडेच जातात.

यावर जाणकार म्हणतील, पाठांतराला नावं ठेवू नका. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अमरकोश घोकला गेलाय. मुद्दा वजनदार आहे, आणि पर्यायरावाची ज-द-धी पद्धत त्याच जातकुळीची आहे हेही कबूल. पण अमरसिंहाने नावांच्या रांगा श्लोकांत बांधल्या त्या निवडायला नव्हे, वापरायला. शब्दांची लिंगंही तो सांगतो. ग्रंथाचं दुसरं नावच 'नामलिंगानुशासन' आहे. वृत्त जुळवताना एका जागी तीन अक्षरांचं 'पंकज' बसतं, दुसऱ्या जागी लघु-गुरूचा हिशेब निराळा पडतो आणि 'अरविंद' लागतं. कवीला दहा नावं हवी असतात, कारण त्याच्या ओळी दहा तऱ्हेच्या असतात. अमरकोशाने 'खालीलपैकी योग्य पर्याय निवडा' असं कुणालाही कधी विचारलं नाही. पर्यायरावाकडे कमळाला वीस नावं आहेत आणि एकही ओळ नाही. त्याने कधी कविता केली असेल तर ती लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, तीही मित्राच्या.

दुसरा आक्षेप असा की उद्याच्या अधिकाऱ्याला मराठी यायला नको का? यायला हवंच. पण कोणतं? तलाठी भरतीच्या पेपरात शंभर प्रश्नांपैकी पंचवीस मराठीचे असतात. निवड झालेला मुलगा सज्जावर रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याच्या टेबलावर येतात ते शब्द म्हणजे फेरफार, पोटखराबा, पोटहिस्सा, खातेफोड, वहिवाट, जिरायत, वारस नोंद. यांतल्या एकालाही ज, द, धी लागत नाही. 'पोटखराबा म्हणजे काय' असं विचारणारी म्हातारी 'राजीव म्हणजे काय' असं विचारत नाही. विचारलंच तर तो तिचा नातू असतो. आपल्या महसुलाची भाषा फारसी-अरबीच्या अंगाखांद्यावर वाढली आणि परीक्षेची संस्कृतच्या. ही ओढाताण काही आजची नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथ पंडितांनी 'राजव्यवहारकोश' रचला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्या कोशामागे राज्य होतं, हेतू होता, आणि तरीही तहसीलदार तहसीलदारच राहिला. आपल्या प्रश्नपत्रिकेमागे फक्त मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका आहे.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. एवढ्यांचे निबंध कोण तपासणार? यंत्राला तपासता येईल असाच प्रश्न हवा, आणि यंत्राला एकच उत्तर कळतं. हे मला मान्य आहे. परीक्षा इतक्या सत्रांत घ्यावी लागली की सगळ्या सत्रांचे गुण एका मापात आणायला नॉर्मलायझेशन करावं लागलं, आणि निकालात एका उमेदवाराला २०० पैकी २१४ गुण पडल्याचं साऱ्या महाराष्ट्राने वाचलं. पर्यायराव त्या दिवशीही दचकला नाही. 'दोनशे'चा समानार्थी शब्द 'दोनशे चौदा' असू शकतो, हे मनाची अशी मशागत झालेल्या माणसाला सहज पटतं. पण मग या प्रश्नांनी भाषा तपासली जाते असं तरी म्हणू नये. गाळण लावायची आहे म्हणून लावली, असं म्हणावं. आणि दोष एकट्या परीक्षा घेणाऱ्यांवरही टाकता येत नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरल्यावर, २०२३ च्या सुरुवातीला, पुण्यात उमेदवारच रस्त्यावर उतरले होते. नवा पॅटर्न २०२५ पासून लावा, ही त्यांची मागणी मान्य झाली. मागणी गैर नव्हती. ज्याने पाच-सहा वर्षं चार पर्यायांत काढली, त्याला एका परिपत्रकाने कोऱ्या पानासमोर बसवणं क्रूरपणाचं आहे. पर्यायराव त्या आंदोलनात होता. कोऱ्या पानाची त्याला खरोखर भीती वाटते.

इथपर्यंत आल्यावर नाइलाजाने एक गोष्ट नोंदवावी लागते, आणि ती माझ्या म्हणण्याला थोडी अडचणीची आहे. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड असतात. १९३२ साली निघायला लागलेले, अंगाने जाड, पानं काठाशी तपकिरी पडलेली. ते उघडणारे किती उरलेत? प्राध्यापक मोबाइलवर बघतात, पत्रकार तेही बघत नाहीत. धूळ झटकून खंड खाली काढतो तो पर्यायराव. येतो एका शब्दासाठी, वादग्रस्त दोन गुणांसाठी, आणि शेजारच्या शब्दात अडकतो, मग त्याच्या शेजारच्या. तासाभराने त्याच्या वहीत परीक्षेत कधीही येणार नाहीत असे सात-आठ शब्द उतरलेले असतात : नांगराच्या भागांची नावं, पावसाच्या नक्षत्रांच्या म्हणी, कुठल्याशा दागिन्याचा फासा. या वहीची झेरॉक्स निम्म्या अभ्यासिकेकडे आहे. ती वाचून तिघे-चौघे लागलेही; पेढे देताना ते वाकून नमस्कार करतात आणि पर्यायराव दुसऱ्या पेढ्याकडे बघत 'जॉइनिंग कुठे?' एवढंच विचारतो. खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे. घरून फोन आला की तो जिन्यात जाऊन बोलतो, आणि त्या फोनवर त्याला एकाही शब्दाचा पर्याय सुचत नाही; 'हो', 'बघू', 'निघेल जाहिरात' एवढ्यावरच संभाषण उरकतं.

उत्तरतालिका लागते तेव्हा तर त्याचं वागणं माझ्या सगळ्या मांडणीवर पाणी फिरवतं. (त्याने ऐकलं तर ज, द, धी सुरू होईल.) तालिकेत 'कमळ' म्हणजे 'कुमुद' हे उत्तर बरोबर धरलेलं असतं. पर्यायरावाने तेच लिहिलेलं असतं, रूममेटलाही तेच लिहायला शिकवलेलं असतं. दोघांचेही दोन गुण पक्के. माणूस फक्त पेपर काढणाऱ्याला ओळखत असता तर इथे गप्प बसला असता. पण हा ग्रंथालयात जातो, कोशाचं पान झेरॉक्स करतो, त्याची पीडीएफ बनवतो, प्रश्नामागे असलेलं शुल्क भरतो आणि स्वतःच्याच बरोबर ठरलेल्या उत्तरावर हरकत नोंदवतो. अंतिम तालिकेत तो प्रश्न रद्द होतो. रूममेट निकाल लागेपर्यंत त्याच्याशी बोलत नाही, आणि मेसचा डबाही स्वतःपुरताच आणतो.